खिळ्यावाचूनचं कलादालन

चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की काही गोष्टी आपण गृहीतच धरलेल्या असतात. दारात अभिप्रायाची वही, आत पांढऱ्या भिंती, भिंतींना खिळे, खिळ्यांना चित्रं. चित्राखाली लहानशा चिठ्ठीवर नाव आणि किंमत. चित्र विकलं गेलं असेल तर त्या चिठ्ठीवर लाल टिकली. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९५२ सालापासून लोक असंच चित्र बघत आले आहेत. ज्याला परवडतं तो टिकली लावतो, ज्याला परवडत नाही तो दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून, मनात साठवून घरी नेतो. विकत घेणारा आणि नुसता बघणारा यांच्यातला फरक त्या टिकलीएवढा लहान आणि तेवढाच ठसठशीत.

१९९८ साली मॉस्कोतल्या ओलिया ल्यालिना या तरुण कलावतीनं एक कलादालन उघडलं. त्याला भिंती नव्हत्या, दार नव्हतं, पहारेकरी नव्हता. नाव होतं ‘आर्ट टेलिपोर्टात्सिया’ आणि होता फक्त एक पत्ता, इंटरनेटवरचा. केवळ इंटरनेटसाठीच जन्माला आलेली कला तिथं मांडलेली होती, आणि गंमत म्हणजे ती विकायलाही ठेवलेली होती. जी वस्तू जगातला कोणीही घरबसल्या फुकट बघू शकतो, ती विकत घ्यायची म्हणजे नेमकं काय घ्यायचं? लाल टिकली लावायची ती कशाला? हा प्रश्न ल्यालिनानं थट्टेत विचारला नव्हता. तो आज आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन बसला आहे, म्हणून त्या दालनाची गोष्ट सांगावीशी वाटते.

मी त्या दालनात पहिल्यांदा गेले ती १९९९ साली, पुण्यात, आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतून. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमानं ते आणलं. आमच्या घरी यायला आणखी तीन-चार वर्षं लागली. मी तेव्हा जाहिरातींच्या मांडणीचं काम करत असे. कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर चार-पाच पत्ते लिहून दिले होते आणि वर बजावलं होतं, ‘‘बघताना घाई करू नकोस.’’

घाई करायची सोयच नव्हती म्हणा. मोडेम चिरक्या आवाजात पलीकडच्याशी भांडण उकरून काढावं तसं बोलू लागे, आणि मग कधी जोडणी लागे, कधी न लागे. २८.८ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगानं चालला तरी सेकंदाला साडेतीन किलोबाइटच्या आसपास मजकूर आत येणार. म्हणजे तीस किलोबाइटचं लहानसं छायाचित्रसुद्धा दिसायला आठ सेकंद हवीत. प्रत्यक्षात लाइनची खरखर अशी, की तेच चित्र वीस-पंचवीस सेकंद घेई. वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरत येई. आधी आकाश, मग केस, मग कपाळ, मग डोळे. चेहरा पुरता दिसेपर्यंत आपण त्याच्याविषयी निम्मी गोष्ट मनात रचलेली असे.

ल्यालिनाचा जन्म १९७१ चा. मॉस्को विद्यापीठात तिनं पत्रकारिता आणि चित्रपट समीक्षा यांचा अभ्यास केला होता. प्रायोगिक चित्रपट दाखवणाऱ्या ‘सिने फँटम’ या क्लबच्या कामात ती होती. त्या क्लबसाठी वेबवर पानं तयार करता करता तिला वाटू लागलं, की चित्रपट या पानांवर आणून दाखवण्याऐवजी या पानांचाच चित्रपट का करू नये? १९९६ साली तिनं तो केला. ‘माझा मित्र युद्धावरून परत आला’ असं त्याचं मराठीत नाव सांगता येईल. यातला मित्र म्हणजे प्रियकर, हे वेगळं सांगायला नको.

हे काम समजून घ्यायचं तर एक तांत्रिक बाब ठाऊक हवी, पण ती घाबरण्याजोगी नाही. त्या सुमारास नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीनं ‘फ्रेम’ नावाची सोय आणली होती. खिडकीला जशी तावदानं असतात, तशी एकाच पानाची निरनिराळी तावदानं करायची आणि प्रत्येकात निराळं पान उघडायचं. बहुतेकांनी या सोयीचा उपयोग डाव्या बाजूला अनुक्रमणिका लावण्यासाठी केला. ल्यालिनानं त्या तावदानांमध्ये दोन माणसांना बसवलं.

पडदा काळा. त्यावर पांढरी अक्षरं आणि काळीपांढरी, दाणेदार चित्रं. युद्धावरून परतलेला तरुण आणि त्याची वाट पाहिलेली तरुणी. घरच्यांनी दोघांना खोलीत एकटं सोडलं आहे. एका वाक्यावर बोट दाबलं की त्याच्या जागी दुसरं येतं. पुन्हा दाबलं की तावदान दुभंगतं. एका बाजूला एक बोलणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. मध्ये एक शेजारी डोकावतो. विश्वासाचा विषय निघतो. लग्नाचं विचारलं जातं, आणि मुहूर्त लगेचच पुढं पुढं ढकलला जातो. कोणतं वाक्य कोण म्हणतो आहे, हे पानावर कुठंही लिहिलेलं नाही. ते आपण ठरवायचं. तावदानं लहान लहान होत जातात, वाक्यं तुटक तुटक होत जातात, आणि एकेक चौकोन शेवटी रिकामा, काळा होऊन बसतो. आवाज नाही, संगीत नाही, हालचालही जेमतेम. पण दोन माणसं एकमेकांपासून दूर सरकताना मी इतक्या जवळून क्वचितच पाहिली होती.

ते कारगिलचे दिवस होते. साताऱ्याकडची माझी आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. सातारा जिल्ह्यात घराघरातून फौजेत माणूस गेलेला असतो. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते १९७१ च्या लढाईत होते. मुलगाही फौजेतच. त्याची तुकडी उत्तरेकडे हलवली होती. गावात फोन नव्हता म्हणून आत्या आमच्या फोनपाशी. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर, त्यामुळे घरात एक नियम ठरला होता. रात्री अकरापर्यंत ती तार आत्याची, त्यानंतर माझी. अकरानंतर त्याचा फोन यायचा नाही, हे त्यानंच सांगून ठेवलं होतं.

आत्याला झोप नसे. एका रात्री ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर ते काम उघडत होतं. काय बघतेस, म्हणून तिनं विचारलं. रशियातल्या एका बाईनं केलेली गोष्ट आहे, एक जण लढाईवरून परत आलाय, एवढं मी सांगितलं. ती स्टूल ओढून बसली. मग मी वाक्य उघडायचं, मराठीत सांगायचं, आणि पुढचं येईपर्यंत आम्ही दोघी गप्प, असं सुरू झालं. चित्र पट्टीपट्टीनं उतरत असताना आत्या पडद्याकडे असं बघत होती, जसं एस. टी.ची वाट बघणारी बाई रस्त्याच्या वळणाकडे बघते.

तावदानं काळी व्हायला लागली तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुझे मामा परत आले तवा म्हैनाभर त्यांनी धड शबूद काढला न्हाई. मीबी इचारलं न्हाई. घर माणसांनी भरलेलं. बोलायचं कुठं?’’

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘‘ह्यास्नी खोली तरी दिली.’’

मी त्या कलाकृतीवर पुढं बरंच वाचलं. तिच्यात चित्रपटातल्या संकलनाचं तंत्र कसं आहे, वाचकाचं बोट हाच तिथला संकलक कसा आहे, वगैरे. सगळं बरोबरच आहे. पण त्या दोघांना खोली मिळूनही बोलता आलं नाही, हे त्या कामाचं मर्म आत्यानं मॉस्को कुठं आहे हे ठाऊक नसताना हेरलं होतं. दादा सुखरूप परतला. पुढं यथावकाश निवृत्तही झाला. तो आल्यावर आत्या त्याच्याशी काय बोलली, ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की तो आला त्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्यांना ओसरीवर पिटाळलं आणि त्याला एकट्याला स्वयंपाकघरात जेवायला वाढलं.

आता पुन्हा त्या दालनाकडे. ‘आर्ट टेलिपोर्टात्सिया’च्या पहिल्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘वीरयुगातील लघुचित्रे’. ज्या कलेचा जन्म होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तिचं वीरयुग संपल्याचं जाहीर करून टाकणारं हे मिस्कील नाव. त्यात ल्यालिनाबरोबर होते मॉस्कोचेच अलेक्सेई शूल्गिन, स्लोव्हेनियाचे वुक चोसिच, इंग्लंडचे हीथ बंटिंग आणि ‘जोडी’. हे ‘जोडी’ म्हणजे खरोखरच जोडी. योआन हेमस्कर्क आणि डिर्क पासमन्स यांच्या नावांतली पहिली अक्षरं घेऊन त्यांनी हे नाव घेतलं. त्याचा मराठी अर्थ त्यांच्या गावीही नसणार!

या मंडळींची करामत कशी असे, ते सांगते. जोडीचं १९९५ सालचं एक पान उघडलं की काळ्या पडद्यावर हिरव्या चिन्हांचा निरर्थक गदारोळ. संगणक बिघडला असंच वाटावं. पण त्या पानामागची मूळ संहिता उघडून बघितली, तर तीच चिन्हं तिथं नीट ओळीत बसलेली, आणि त्यातून बाँबची आकृती साकारलेली. म्हणजे चित्र भिंतीच्या मागल्या अंगाला! शूल्गिननं १९९७ साली, आपण अर्जात खूण करतो ते चौकोन, गोल आणि बटणं एवढ्याच साहित्यातून आरास मांडली. हीथ बंटिंगनं तर १९९४ सालीच लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या सार्वजनिक फोनचे क्रमांक इंटरनेटवर देऊन, ठरल्या दिवशी तिथं फोन करा, असं जगाला आवाहन केलं होतं. गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनी फोन उचलावा आणि पलीकडच्या अनोळखी माणसाशी बोलावं, एवढीच ती कलाकृती.

यातलं विकायचं काय? १९९९ साली इवा आणि फ्रँको मातेस या कलावंत जोडप्यानं या प्रश्नाला दुष्ट उत्तर दिलं. शून्य आणि एक या अंकांची लांबलचक माळ हेच त्यांनी आपलं नाव म्हणून लावलं होतं. त्यांनी ल्यालिनाचं अख्खं दालन उतरवून घेतलं आणि जरा फेरफार करून स्वतःच्या पत्त्यावर मांडलं. कुणी जहांगीरमधलं चित्र पळवलं तर भिंतीवर रिकामी चौकट राहते. इथं चोरी झाली आणि काहीच कमी झालं नाही, उलट एकाची दोन झाली. तेही असेच, तेही तेवढेच.

ल्यालिनाचं म्हणणं मला आजही विचार करायला लावतं. तिचा भर होता पत्त्यावर. ब्राउझरच्या माथ्यावर जी पट्टी असते, जिच्यात आपण पत्ता लिहितो, ती पट्टी म्हणजेच कलाकृतीची सही. नक्कल हुबेहूब असू शकेल, पण ती त्या पत्त्यावर असू शकत नाही. १९९७ सालच्या ‘अगाथा’ नावाच्या कामात तिनं हे करूनच दाखवलं होतं. त्यातली नायिका पडद्यावर फारशी हलत नाही, पण पुढं पुढं जाताना पट्टीतला पत्ता मात्र बदलत राहतो. कारण कथेतली पानं वेगवेगळ्या संगणकांवर ठेवलेली. अगाथा खरोखरच इंटरनेटवरून प्रवास करते. आपल्याकडे माणसाची ओळख विचारताना ‘कुठले तुम्ही?’ असंच विचारतात. गाव सांगितलं की निम्मी ओळख झाली. ल्यालिनाचा कलेविषयीचा सिद्धान्त थेट या पठडीतला आहे. ‘माझा मित्र’ या कामाच्या पत्त्यातही तिनं शीर्षकच अशा बेतानं तोडून बसवलं आहे, की पत्त्याच्या शेवटी ‘युद्ध’ हा शब्द रशियाच्या खुणेला टेकून उभा राहतो.

पण पत्ता म्हणजे ओळख म्हटलं, की पत्ता पुसला जाण्याची भीती आलीच. आणि इथं ही गोष्ट कलावंतांच्या वर्तुळातून बाहेर पडून तुमच्या-आमच्या घरात येते.

१९९४ साली जिओसिटीज नावाची सेवा सुरू झाली. कोणीही यावं आणि स्वतःचं पान फुकट थाटावं. १९९९ मध्ये ती याहूनं विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो माणसांनी हातानं रचलेली पानं त्या दिवशी जायची होती. चमचमत्या ताऱ्यांची पार्श्वभूमी, ‘काम चालू आहे’ची फावडेवाल्या माणसाची पाटी, बाळाचं बारसं, आजोबांचा फोटो, आवडत्या गायकाच्या गाण्यांची यादी. ‘अर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटानं धावपळ करून त्यातला बराच भाग उतरवून ठेवला. ल्यालिना आणि तिचा सहकारी ड्रागान एस्पेनशीड २०११ पासून तो ढीग उपसत आहेत. एक टेराबाइटचा तो ढीग. पान निवडायचं, त्या काळच्या ब्राउझरमध्ये दिसलं असतं तसं दाखवायचं, पुढचं घ्यायचं. दळणाच्या ओव्या गोळा करत गावोगाव हिंडणाऱ्या अभ्यासकांची आठवण व्हावी, असं हे काम आहे. ज्यांना कोणी कलावंत म्हणालं नाही, त्यांच्या हातच्या गोष्टी कुणी तरी कला म्हणून जपतं आहे.

मराठी माणसांनीही त्या दिवसांत अशी पानं केली होती. कुणी अमेरिकेतून गणपतीच्या आरत्या चढवल्या, कुणी कुलवृत्तान्त मांडला, कुणी पाककृती. मराठी उमटवायला तेव्हा शिवाजी, शुषा असे फाँट वापरावे लागत. त्यात मराठी अक्षर वरवरचं, आत साठवलेलं अक्षर रोमनच. फाँट संगणकात असला तर ‘सुखकर्ता’, नसला तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. पुढं युनिकोड रुळलं आणि ते फाँट मागं पडले. आज अशी पानं कुठं शिल्लक असली तरी उघडल्यावर जोडीच्या त्या हिरव्या पानासारखीच दिसतात. फरक एवढाच, की इथल्या गदारोळामागं बाँब नाही, कुणाच्या तरी आजीची पुरणपोळी आहे.

मोठ्या संग्रहालयांनाही हा पेच चुकलेला नाही. डग्लस डेव्हिस या अमेरिकन कलावंतानं १९९४ साली जगभरच्या लोकांनी भर घालत न्यावं असं एकच न संपणारं वाक्य इंटरनेटवर सुरू केलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं पुढच्याच वर्षी ते आपल्या संग्रहात घेतलं. काही वर्षांनी ते चालेनासं झालं. २०१३ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्याची दोन रूपं ठेवली गेली. एक जुनं, जसंच्या तसं, मोडक्या दुव्यांसकट. दुसरं चालतं, ज्यात आजचा माणूस आपले शब्द घालू शकतो. पडका वाडा तसाच राखायचा की दुरुस्त करून राहायला घ्यायचा, हाच तो आपला जुना वाद.

आपल्याकडच्या एका चित्रकर्तीनंही या माध्यमाला हात घातला होता. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ साली लंडनच्या टेट संग्रहालयाच्या ऑनलाइन विभागासाठी एक काम केलं. इंटरनेटची केबल त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेली, तिच्यावर आशीर्वाद घेतला, आणि मग त्या तारेतून तो आशीर्वाद घरबसल्या मिळवा, असं संकेतस्थळ उघडलं. नव्या स्कूटरला हार घालून देवळापुढं उभी करणाऱ्या आपल्या लोकांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

अलीकडे मी ‘माझा मित्र’ पुन्हा उघडलं. ते उघडतं, याचंच मला अप्रूप वाटलं. ज्या फ्रेमवर ते उभं आहे, ती सोय वेबच्या नव्या नियमांनी केव्हाच कालबाह्य ठरवली आहे. तरी ब्राउझर ती अजून दाखवतात. मधल्या काळात इतर कलावंतांनी या कामाची आपापली रूपं केली आणि ल्यालिनानं ती एकत्र मांडून त्याला ‘शेवटचं खरं नेट आर्ट संग्रहालय’ असं नाव दिलं. २०१६ मध्ये वीस वर्षांनिमित्त स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं या रूपांचं प्रदर्शनही झालं. मूळ काम मात्र आपल्या जागी आहे. पण आता बोट दाबलं की पुढचं वाक्य डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. आम्ही दोघी ज्या वेळात गप्प बसलो होतो, तो वेळ त्यातून गेला आहे. पान वाचलं, पण वाट बघणं वाचलं नाही. जुने ब्राउझर आणि जुने संगणक आतल्या आत नव्यानं उभे करून त्या काळचा अनुभव देण्याची खटपट न्यूयॉर्कची ऱ्हायझोम ही संस्था करते. एस्पेनशीडही त्या कामात आहे. या खटपटीला ‘जुन्याचं वेड’ म्हणून हसायला मी तयार नाही.

ल्यालिनाचं २०१३ सालचं एक काम आहे, ‘उन्हाळा’ नावाचं. ती स्वतः झोपाळ्यावर बसून झोके घेते आहे, आणि झोपाळ्याच्या दोऱ्या बांधल्या आहेत ब्राउझरच्या त्या पत्त्याच्या पट्टीला. झोक्याचं प्रत्येक चित्र वेगळ्या संगणकावर, वेगळ्या माणसाच्या पत्त्यावर ठेवलेलं. त्यामुळे झोका पुढं जाताना वरचा पत्ता सारखा पालटत राहतो. तुमच्या जोडणीचा जो वेग, तो त्या झोक्याचा वेग. आणि त्या साखळीतल्या एकानं जरी आपला संगणक बंद केला, भाडं भरायचं सोडलं, तरी झोका तिथंच अडायचा.

आपल्या घरातले फोटो, पत्रं, मुलांचे पहिले बोबडे बोल आता असेच कुणाकुणाच्या संगणकावर टांगलेले आहेत, आणि त्यांचे पत्ते आपल्याला पाठ नाहीत. या रविवारी वेळ मिळाला तर एक करून बघा. घरातल्या कुणालाही, धाकट्याला किंवा थोरल्याला, शेजारी बसवून ‘माझा मित्र’ उघडा. इंग्रजी वाक्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगा. आणि प्रत्येक वाक्यानंतर, पुढचं लगेच येणार असलं तरी, दहा आकडे मोजून मगच बोट दाबा.